संग्रहालय कसे पाहावे?
(कोल्हापूरच्या दोन दिवसांवरून सुचलेला एक पाठ)



आपल्या शाळेच्या दोन सहली मी कोल्हापुरास नेल्या. पहिली माझ्या हातून साफ फसली. दुसरी बऱ्याच अंशी साधली. या लेखात प्रामुख्याने दुसरीविषयी लिहावयाचे आहे. परंतु पहिलीची हकीकत आधी सांगितली नाही, तर दुसरीचे मर्म तुम्हांस कळणार नाही.

पहिली सहल २०२४ च्या प्रारंभीची. निपाणीहून कोल्हापूर अवघे ४० किलोमीटर. दूधगंगेचा पूल ओलांडला, कागल मागे पडले, की शहर आलेच. इतक्या जवळच्या गावी जायचे, तर एका दिवसात जेवढे पदरात पडेल तेवढे पाडून घ्यावे, असा व्यवहारी विचार मी केला आणि ११ ठिकाणांची यादी केली. प्रत्येक ठिकाणी २० मिनिटे. हातात शिटी, डोळे घड्याळाकडे. "चला, चला, पुढे चला," एवढेच माझे त्या दिवसाचे वक्तृत्व! संध्याकाळी केशवराव भोसले नाट्यगृहापाशी गाडी थांबली. आत नाटकाची तयारी चालली होती. दोघा-तिघा मुलांनी आत डोकावण्याची परवानगी मागितली. मी म्हणाले, "आता उशीर झाला. पुढच्या वेळी पाहू." मग उरलेला अर्धा तास आम्ही चपलांच्या दुकानात घालविला.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी मोठ्या उत्साहाने विचारले, "काल काय काय पाहिले, ते सांगा पाहू." नववीतील एक मुलगी उठली आणि अगदी निरागसपणे म्हणाली, "बाई, लई बघितलं ओ. पण काय बघितलं ते आठवंना झालंय."

वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही. त्या मुलीने माझ्या सहलीचे परीक्षण एका वाक्यात केले होते. पाहणे आणि डोळ्यांपुढून वस्तू सरकू देणे या दोन क्रिया भिन्न आहेत, हे मी शिक्षिका असून मला एका विद्यार्थिनीने शिकविले. तेव्हाच ठरविले की पुन्हा जायचे, दोन दिवस राहायचे, आणि थोडेच पाहायचे.

पूर्वतयारी

संग्रहालय पाहण्याचा पहिला धडा संग्रहालयाच्या दाराशी सुरू होत नाही; तो आपल्या गावी सुरू होतो. म्हणून दुसऱ्या सहलीपूर्वी मी मुलांना बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्तीची माहिती सांगितली. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बीचिराज याने इ. स. १२०४ मध्ये ही जैन वास्तू उभारली. तिच्या मंडपाच्या छतातून दगडी कमळ खाली उमललेले आहे, त्यावरून तिला हे नाव मिळाले. नेमिनाथाची मूर्ती तेथे आहे. तुमच्यापैकी अनेकांनी ती पाहिली असेल. परंतु या बस्तीच्या दानाची हकीकत सांगणारे दोन कन्नड शिलालेख आज बेळगावात नाहीत. ते लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. ज्या लेखांत आपल्या गावाचे वेणुग्राम हे जुने नाव आहे, ते वाचावयाचे तर सात समुद्रांपलीकडे जावे लागते!

हे ऐकताच एका मुलाने प्रश्न केला, "मग ते दगड कुणाचे म्हणायचे?" हा प्रश्न फार मोठा आहे, आणि जगातील मोठमोठी संग्रहालये आज त्याच प्रश्नापुढे उभी आहेत. तेथे वस्तू सुरक्षित राहिली, असे एक पक्ष म्हणतो. जिच्यामुळे तिला अर्थ आहे त्या जागेपासून ती तुटली, असे दुसरा पक्ष म्हणतो. मी मुलांना उत्तर दिले नाही. एवढेच सांगितले, की हा प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि कोल्हापुरात प्रत्येक वस्तूपुढे उभे राहून तो मनात विचारा. ही वस्तू कोठून आली? कोणी आणली? ती येथे नसती तर कोठे असती?

याशिवाय तीन नियम ठरले. एका वेळी चारच वस्तू निवडावयाच्या. निवडलेल्या वस्तूपुढे निदान दहा मिनिटे थांबावयाचे. आणि पाटीवरील मजकूर वाचण्याआधी आपल्या डोळ्यांना काय दिसते ते लिहावयाचे.

शनिवार : टाऊन हॉल आणि समुद्राचा देव

शनिवारी सकाळी आम्ही टाऊन हॉलमधील वस्तुसंग्रहालयात गेलो. आत शिरण्यापूर्वी इमारतच पाहावी. मेजर चार्ल्स मँट या इंग्रज स्थापत्यकाराने १८७२ ते १८७६ या काळात ती बांधविली. उतरती छपरे, टोकदार कमानी, दोन बाजूंना उंच निमुळते मनोरे असे तिचे युरोपीय रूप आहे. पुढे याच मँटने कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचा आराखडा केला. तेथे मात्र देशी आणि विलायती शैलींचा मिलाफ त्याने साधला. तो राजवाडा १८८४ मध्ये पुरा झाला. मँट १८८१ मध्येच निधन पावला होता. आपली कृती पुरी झालेली त्याने पाहिली नाही.

या संग्रहालयाच्या कीर्तीचे मूळ पंचगंगेच्या काठच्या एका टेकाडात आहे. त्याचे नाव ब्रह्मपुरी. १९४४-४५ च्या सुमारास तेथे प्राचीन ब्राँझच्या वस्तूंचा एक साठा उजेडात आला. तो उजेडात आणण्याचे श्रेय राजाराम कॉलेजातील प्राध्यापक के. जी. कुंदणगार यांचे. हे कुंदणगार कन्नड भाषेचे गाढे अभ्यासक. उत्तर कर्नाटक व कोल्हापूर संस्थान यांतील शिलालेखांचा त्यांचा संग्रह १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला होता. मराठी मुलखातील एका कॉलेजात कन्नडचा प्राध्यापक शिकवितो आणि कोल्हापूरच्या प्राचीन इतिहासाची कवाडे उघडतो, ही गोष्ट आपल्यासारख्या दोन भाषांच्या सीमेवर वाढणाऱ्यांनी विशेष ध्यानी धरावी. विद्येला शेत असते, कुंपण नसते. त्यानंतर १९४५-४६ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकलिया व डॉ. मो. गं. दीक्षित यांनी तेथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले आणि सातवाहन काळातील वसाहत प्रकाशात आणली.

त्या साठ्यात काय होते? आरसा होता, भांडी होती, पाठीवर माणसे बसलेला एक ब्राँझचा हत्ती होता; आणि एक वीतभरही उंच नसलेली एका दाढीवाल्या पुरुषाची मूर्ती होती. ही मूर्ती ग्रीकांचा सागरदेव पोसायडन याची. त्याच्या हातातील त्रिशूळ काळाच्या ओघात गळून गेला आहे, परंतु उभे राहण्याचा डौल गेलेला नाही. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या सुमाराची ही मूर्ती भूमध्य समुद्राच्या परिसरातून येथे आली, असे विद्वान मानतात.

आता विचार करा. कोल्हापूरला समुद्र नाही. मग समुद्राचा देव सह्याद्रीच्या या बाजूला पंचगंगेकाठी काय करीत होता? मी मुलांना हा प्रश्न विचारून नकाशा पुढे ठेवला. त्या काळी रोमन साम्राज्याशी आपला मोठा व्यापार होता. पावसाळी वाऱ्यांचा मोसम साधून जहाजे तांबड्या समुद्रातून पश्चिम किनाऱ्यावर येत. एका ग्रीक खलाशाने इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहिलेल्या प्रवासवर्णनात सोपारा, कल्याण आणि चौल ही आपली बंदरे नावानिशी आलेली आहेत. बंदरावर उतरलेला माल बैलांच्या पाठीवरून घाट चढून देशावर येई. मूर्ती नक्की कोणत्या वाटेने चढली, हे कोणी पाहिलेले नाही; पण ती घाट चढली हे खरे.

माझे घर कोंकणी बोलणारे. वाडवडील किनाऱ्यावरचे, पोटापाण्यासाठी घाट चढून या भागात आले. घरी कोंकणी, शाळेत मराठी, बाजारात कन्नड अशा तीन भाषांत मी वाढले आणि लहानपणी मला याचा थोडा संकोचही वाटे. आपण नक्की कोठले, असा प्रश्न पडे. ब्रह्मपुरीच्या वस्तूंपुढे उभी असताना मनात आले, की घाट चढून येणारी आपली पिढी काही पहिली नव्हे. अठराशे वर्षांपूर्वी एक देवही याच चढणीने वर आला आणि येथलाच होऊन राहिला.

तेथेच आम्ही एक लहानसा खेळ केला. आरशाला कोंकणीत 'आरसो', मराठीत 'आरसा', आणि कन्नडमध्ये? वर्गातील अनेक मुलांना कन्नड येते, त्यांनी एका सुरात सांगितले, 'कन्नडी'! जी मुलगी पहिल्या सहलीनंतर "आठवंना" म्हणाली होती, तीच आता वहीत लिहीत होती, "ब्राँझचा आरसा म्हणजे काच नाही. धातू घासून घासून चेहरा दिसेल इतका गुळगुळीत केलेला. घासणारा माणूस कोण?" हा अखेरचा प्रश्न कोणत्याही पाटीवर लिहिलेला नसतो. तो ज्याला सुचला, त्याने संग्रहालय पाहिले.

शनिवार दुपार : एका चित्रापुढे

दुपारी चित्रे. कोल्हापूरला कलापूर म्हणतात ते उगीच नव्हे. आबालाल रहिमान हे या परंपरेचे अग्रणी. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिक्षण घेऊन ते कोल्हापुरास परतले; शाहू महाराजांचा आश्रय त्यांना लाभला; आणि रंकाळा, पंचगंगा, कोटितीर्थ यांच्या काठी बसून त्यांनी निसर्गचित्रे काढली. १९३१ मध्ये ते वारले. महाराजांच्या निधनानंतर विरक्त होऊन त्यांनी आपली असंख्य चित्रे कोटितीर्थात बुडविली, अशी आख्यायिका कोल्हापुरात सांगतात. ती खरी असो वा नसो, त्यांची बरीच चित्रे आज उपलब्ध नाहीत. म्हणून उरलेल्यांचे मोल अधिक.

निसर्गचित्र पाहताना मुले प्रथम "हा तलाव, हे झाड" असे म्हणून मोकळी होतात. त्यांना मी तीनच प्रश्न दिले : उजेड कोणत्या बाजूने येतो आहे? वेळ सकाळची की संध्याकाळची? आणि पाण्यात कोणकोणते रंग आहेत? पाणी निळे असते, असे चित्रकलेच्या तासाला ठामपणे सांगणाऱ्या मुलांना पाण्यात करडा, हिरवा, तांबूस आणि काळासुद्धा रंग सापडला. मग आम्ही थेट रंकाळ्यावर गेलो व मावळतीच्या उजेडात खरे पाणी पाहिले. चित्र पाहून आल्यावर तलाव निराळा दिसतो. कला आपल्याला हेच देते; ती आपले डोळे घासूनपुसून परत करते.

शनिवार संध्याकाळ : 'पुढच्या वेळी'

रंकाळ्याहून आम्ही केशवराव भोसले नाट्यगृहापाशी आलो. पहिल्या सहलीत मी "पुढच्या वेळी पाहू" म्हटले होते, ते हेच स्थळ. मधल्या काळात, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, या नाट्यगृहाला भीषण आग लागली. रंगमंच आणि प्रेक्षागार जळून गेले. दगडी भिंती उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती.

आम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. ज्या मुलांनी आत डोकावू द्या म्हणून विनंती केली होती, त्यांतील एक दहावीत गेलेला मुलगा माझ्या शेजारी होता. तो काही बोलला नाही. त्याने बोलावे, रागवावे, असे मला वाटत होते. अखेर मीच म्हणाले, "त्या दिवशी माझी चूक झाली." तो खाली पाहून म्हणाला, "असू दे ओ बाई. तुम्हांला तरी काय ठाऊक?" ठाऊक नव्हते, हे खरे. परंतु ठाऊक नसते म्हणूनच तर पाहावयाचे असते.

मग त्याच जागी उभ्याने मी मुलांना त्या वास्तूची कथा सांगितली. १९०२ मध्ये शाहू महाराज युरोपच्या प्रवासाला गेले होते. रोम येथील प्राचीन क्रीडांगण पाहून त्यांना प्रेरणा मिळाली आणि १९१२ मध्ये कुस्तीचे खासबाग मैदान झाले. त्याच्या शेजारी १९१५ मध्ये 'पॅलेस थिएटर' उभे राहिले. पाहणे म्हणजे काय, याचे यापरते उदाहरण कोणते? महाराजांनी परदेशातील वास्तू पाहिली. ती उचलून आणली नाही, आपल्या मल्लांना व नटांना साजेशी नवी उभारली. १९५७ मध्ये या नाट्यगृहास संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे नाव देण्यात आले.

केशवराव कोल्हापूरचे, जन्म १८९० चा. परंतु त्यांनी आपली 'ललितकलादर्श' ही नाटकमंडळी स्थापन केली ती १९०८ मध्ये हुबळीस! मराठी संगीत रंगभूमीच्या एका थोर संस्थेचा जन्म आज कर्नाटकात असलेल्या शहरी झाला, हे ऐकून मुलांना नवल वाटले. १९२१ मध्ये मुंबईला केशवराव आणि बालगंधर्व यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी 'मानापमान' हे नाटक संयुक्तपणे रंगविले. आणि त्याच वर्षी वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी केशवराव गेले. त्यांचा आवाज जाऊन शंभर वर्षे लोटली; पुढे त्यांच्या नावाची वास्तूही जळाली. तरी नाव जिवंत आहे, आणि नाट्यगृह पुन्हा उभे करावयाचे हा कोल्हापूरकरांचा निश्चय आहे. ते जेव्हा उघडेल, तेव्हा तुम्ही तिकीट काढून नाटक पाहा. माझ्यासाठी एक खुर्ची धरून ठेवा.

रविवार : देऊळ आणि राजवाडा

रविवारी पहाटे अंबाबाईच्या देवळात गेलो. दर्शन घेतल्यावर बाहेरच्या भिंतींवरील शिल्पे व खांबांवरील जुने लेख पाहिले. देऊळ पश्चिमाभिमुख आहे. वर्षातून दोनदा, नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या अखेरीस, मावळत्या सूर्याची किरणे महाद्वारातून आत येऊन देवीच्या मूर्तीपर्यंत पोहोचतात. यासच किरणोत्सव म्हणतात. घड्याळ व दुर्बीण नसलेल्या त्या काळच्या कारागिरांनी सूर्याची वाट ध्यानी घेऊन ही दिशा साधली. अलीकडे वाटेतील बांधकामांमुळे किरणांना अडथळा होतो, अशी चर्चा दरवर्षी होते. वास्तू जपावयाची म्हणजे केवळ तिचे दगड जपून भागत नाही, तिच्यापर्यंत येणारा उजेडही जपावा लागतो, हे मुलांनी तेथे आपसूक जाणले.

नव्या राजवाड्यातील संग्रहालयात शस्त्रे, पोशाख, दरबार हॉल, आणि शिकारीतील पेंढा भरलेली जनावरे आहेत. मुले वाघापाशी रेंगाळली, हे सांगावयास नकोच. मी त्यांना अडविले नाही. परंतु परतताना एवढेच सांगितले, की ज्या शाहू महाराजांच्या घराण्याचे हे वैभव, त्यांनी २६ जुलै १९०२ रोजी मागासलेल्या वर्गांसाठी संस्थानच्या नोकऱ्यांतील निम्म्या जागा राखून ठेवल्या आणि निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे काढविली. त्या जाहीरनाम्याला तलवारीसारखी धार दिसत नाही, म्हणून त्यापुढे गर्दी होत नाही. पण राजवाड्यातील कोणत्याही तलवारीने जिंकला नसेल एवढा मुलूख त्या कागदाने जिंकला.

घरी परतल्यावर

परतीच्या गाडीत नववीतील त्या मुलीने मला विचारले, "बाई, आमची आजी विडी वळते. तिचं सूप आणि पत्ती कापायची कात्री कुठल्या संग्रहालयात असती काय ओ?"

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. निपाणीच्या तंबाखूने किती घरांच्या चुली पेटविल्या आणि किती फुफ्फुसे जाळली, हे आपण सारे जाणतो. १९८१ मध्ये येथील तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांनी हमरस्त्यावर ठाण मांडून मोठे आंदोलन केले; त्यात गोळीबार होऊन शेतकरी मृत्युमुखी पडले. हा इतिहास तुमच्या आजोबा-आजींनी डोळ्यांनी पाहिला आहे. ज्या कारागिराने ब्रह्मपुरीचा आरसा घासला, त्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. आजीचे नाव तरी लिहून ठेवावे, असे त्या मुलीला वाटले, यात माझ्या साऱ्या पाठाचे सार्थक झाले.

पुढच्याच आठवड्यात शाळेच्या ग्रंथालयात एक जुने कपाट रिकामे करून घेतले. आज त्यात आजीची कात्री आहे, झिजलेले सूप आहे, एक अडकित्ता आहे, कन्नड-मराठी दोन्ही भाषांत लिहिलेली जमाखर्चाची एक वही आहे, आणि माझ्या आईने दिलेली नारळ खवण्याची आदोळी आहे. प्रत्येक वस्तूखाली चिठ्ठी आहे : ही कोणाची, कोठून आली, कशासाठी वापरली. संग्रहालयाची व्याख्या याहून मोठी मला करता येत नाही.

तेव्हा मित्रहो, सुटीत एखाद्या शहरी दोन दिवस जाल, तेव्हा यादी लहान करा आणि मुक्काम लांबवा. जे आज उघडे आहे, ते आजच पाहा. आणि जे पाहाल, त्यातील एक तरी प्रश्न घरी घेऊन या.

स्वाध्याय

१. घरातील सर्वांत जुनी वस्तू शोधा. ती कोणी आणली, हे वडीलधाऱ्या माणसांना विचारून दहा ओळी लिहा.

२. कमल बस्तीचे शिलालेख कोठे असावेत? दोन्ही बाजू मांडा व शेवटी आपले मत द्या.

३. नकाशात सोपारा, कल्याण, चौल आणि कोल्हापूर दाखवा. समुद्रावरून आलेला माल घाट कसा चढला असेल, ते वर्णन करा.

४. आरसा, दिवा, घागर, सूप या वस्तूंची आपल्या घरी, शेजारी व बाजारात वापरली जाणारी नावे जमवा. ती किती भाषांत मिळाली?